मेंदूचं सोडा, दातांचं बोला

लहान खेळाडूंना माउथगार्ड, म्हणजे दातांवर चढवायची मऊ पट्टी, सक्तीचा करावा की नाही, हा वाद जेव्हा केव्हा निघतो तेव्हा दोनच सूर ऐकू येतात. एक सूर सांगतो की माउथगार्ड घातला की डोक्याला बसणारा धक्का निम्म्यावर येतो, मेंदू सुरक्षित राहतो, शिवाय जबडा नीट बसल्यामुळे अंगात ताकद येते. दुसरा सूर विचारतो, आमच्या वेळी कुठे होती ही थेरं? आम्ही काय खेळलोच नाही? पोरांना कापसात गुंडाळून ठेवायचं असेल तर त्यांना मैदानावर आणताच कशाला? पहिल्याला काहीतरी विकायचं असतं, दुसऱ्याला काहीतरी मिरवायचं असतं. आणि ज्यांच्यासाठी ही पट्टी खरोखर उपयोगाची आहे ते दात या गदारोळात कुणाच्या तोंडी येत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या खेळांत अंगाला अंग भिडतं, किंवा चेंडू, काठी, कोपर, गुडघा यांपैकी काहीही तोंडाच्या उंचीवर येऊ शकतं, अशा प्रत्येक खेळात अठरा वर्षांखालच्या खेळाडूला माउथगार्ड सक्तीचा असावा. सामन्यात असावा आणि सरावातही असावा. सज्ञान खेळाडूंना आग्रह करावा, बळजबरी करू नये. आणि ही सक्ती मागताना मेंदूचा आधार घेऊ नये. दात वाचतात, हे कारण एकटंच पुरेसं आहे. त्याला टेकू लावायला गेलं की ते मजबूत होण्याऐवजी डळमळतं.

मेंदूचा मुद्दा आधी निकालात काढू. हनुवटीवर फटका बसला की खालचा जबडा वरच्या जबड्यावर आदळतो, तो धक्का कवटीच्या तळाशी पोचतो, मध्ये मऊ गादी असली तर तो विरेल, हा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. पण कन्कशन (धक्क्याने मेंदूच्या कामात येणारा बिघाड) होतं ते बहुतेक वेळा डोकं झटक्यात फिरल्यामुळे किंवा झटक्यात थांबल्यामुळे. दातांमधल्या तीन-चार मिलिमीटरच्या पट्टीला तिथे फारसं काही करता येत नाही. अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दातांच्या मापाने बनवलेला माउथगार्ड वापरणाऱ्यांना दातांच्या इजा कमी झाल्या, डेंटिस्टकडे कमी जावं लागलं, पण कन्कशनच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. एकाच अभ्यासात दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली आणि ती वेगवेगळी होती. प्रामाणिकपणे एक अपवाद नोंदवायला हवा. खेळांतल्या कन्कशनवर अ‍ॅमस्टरडॅमला २०२२ मध्ये झालेल्या परिषदेतून पुढच्या वर्षी जे आंतरराष्ट्रीय निवेदन निघालं, त्यात आइस हॉकीमध्ये माउथगार्डचा वापर आणि कन्कशनच्या प्रमाणातली २८ टक्के घट यांचा संबंध नोंदवला आहे. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. पण एका खेळातल्या आकड्याच्या जोरावर सगळ्या खेळांतल्या आईबापांना भीती घालणं हा वकिलीचा प्रकार झाला.

या अतिरंजित दाव्यांची किंमत दातांना मोजावी लागते, ही खरी अडचण आहे. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये ‘ब्रेन-पॅड’ नावाच्या माउथगार्डच्या उत्पादकाविरुद्ध कारवाई केली आणि कन्कशनचा धोका कमी होतो हे पुराव्याविना केलेले दावे थांबवायला लावले. असं काही झालं की विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळतं: बघा, सगळं थोतांड निघालं. थोतांड होता तो दावा; पण कचऱ्याच्या टोपलीत जातो तो माउथगार्ड. अलीकडे यात आणखी एक घोळ वाढला आहे. वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेने २०२४ पासून वरच्या पातळीवरच्या सामन्यांत सेन्सर बसवलेले माउथगार्ड आणले. डोक्याला किती जोराचा हिसका बसला हे ते मोजतात आणि खेळाडूला तपासणीसाठी बाहेर बोलावायचं की नाही हे ठरवायला डॉक्टरांना मदत करतात. बातमी अर्धवट वाचणारे त्यावरून ‘माउथगार्ड मेंदू वाचवतो’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. थर्मामीटर ताप उतरवत नाही, एवढं तरी त्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता ‘थेरं’ या शब्दाकडे वळू. तोंडात पट्टी धरून खेळणं हे मिळमिळीत लोकांचं काम, असा त्यामागचा समज. पण ही पट्टी आली कुठून? लंडनमध्ये वुल्फ क्राउझ नावाचा दंतवैद्य १८९० च्या दशकात मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गट्टापर्चाच्या (झाडाच्या रबरासारख्या चिकाच्या) पट्ट्या बसवून द्यायचा, ठोशाने ओठ दातांवर आपटून फाटू नयेत म्हणून. त्याचा मुलगा फिलिप हाही दंतवैद्य आणि स्वतः हौशी मुष्टियोद्धा. त्याने रबराची, पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी आवृत्ती काढली. ती तोंडात घालून टेड ‘किड’ लुईस जागतिक विजेतेपदाच्या लढती खेळला. न्यूयॉर्कला १९२१ मध्ये जॅक ब्रिटनशी त्याची लढत झाली तेव्हा ब्रिटनच्या मॅनेजरने हरकत घेतली आणि लुईसला ती पट्टी काढावी लागली. आक्षेप काय होता, तर हे साधन नियमबाह्य आहे. हे वापरणारा भित्रा आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. जगज्जेत्या मुष्टियोद्ध्याला तसं म्हणणार तरी कोण? पुढे १९२७ मध्ये जॅक शार्कीविरुद्ध खेळताना माइक मॅकटीगचं तोंड तुटक्या दाताने असं फाटलं की लढत थांबवावी लागली, आणि त्यानंतर मुष्टियुद्धात या पट्टीला कुणी फारसं नाक मुरडलं नाही. तोंडावर मार खाणं हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांनी सर्वात आधी दात झाकले. ज्यांना वर्षाकाठी एखादा फटका बसायचा ते अजून मर्दानगीचा हिशोब मांडत बसले आहेत.

खेळांच्या नियमांत शरीराच्या कुठल्या भागाची किती काळजी घेतली आहे, हे एकदा निवांतपणे वाचून पाहावं. फुटबॉलमध्ये १९९० पासून प्रत्येक खेळाडूला नडगीवर शिनगार्ड बांधावाच लागतो. नसेल तर रेफरी मैदानात पाऊल ठेवू देत नाही. त्यावर कुणी अग्रलेख लिहीत नाही, कुणाला आपलं स्वातंत्र्य गेल्यासारखं वाटत नाही. पण नडगीचं हाड मोडलं तर काय होतं? प्लॅस्टर लागतं, काही महिने जातात, आणि हाड जुळून येतं. हाडाला ती सोय निसर्गाने दिली आहे. दाताला दिलेली नाही. दातावरचं कडक कवच, म्हणजे इनॅमल, ज्या पेशी तयार करतात त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत संपलेल्या असतात. म्हणून इनॅमलचा टवका उडाला की उडाला; शरीर त्या जागी पुन्हा काही बांधत नाही, जे काही करायचं ते डेंटिस्टने बाहेरून चिकटवायचं. जो भाग स्वतःहून भरून येतो त्याला ढाल सक्तीची, आणि जो कधीच भरून येत नाही तो उघडा. हा कुठला हिशोब?

यावर सर्वात वजनदार आक्षेप असा की अशा इजा मुळात होतात किती? पुष्कळ मुलं पुष्कळ वर्षं खेळतात आणि बत्तिशी शाबूत घेऊन मोठी होतात. खरं आहे. एका सामन्यात एका मुलाचा दात जाण्याची शक्यता नगण्य म्हणावी इतकी कमी असते, आणि मी ती वाढवून सांगणार नाही. पण धोका किती मोठा हे फक्त शक्यतेवरून ठरत नाही. झालं तर काय होतं आणि किती वर्षं पुरतं, तेही त्यात येतं. सर्वात जास्त मार बसतो तो वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांना, त्यातही ज्यांचे दात थोडे पुढे आहेत आणि ओठ मिटत नाहीत त्यांना. हे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि मुळं पूर्ण व्हायला दहावं वर्ष उजाडतं.

समजा, दहा वर्षांच्या मुलाचा असा एक दात मुळासकट निघाला आणि तासाभराने त्याला दवाखान्यात नेलं. दात परत खोबणीत बसवतात, शेजारच्या दातांना दोन आठवडे तारेने बांधतात, मुळाची वाढ पुरी झाली असेल तर रूट कॅनॉल करतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. पण दाताला हाडाशी जोडणाऱ्या अस्तराच्या पेशी तोवर कोरड्या पडून मेलेल्या असतात, आणि ते अस्तर नसलं की हाड मुळाला सरळ चिकटतं व मूळ हळूहळू खाऊ लागतं. जबडा वाढतो, शेजारचे दात त्याच्याबरोबर खाली येतात, हा मात्र हाडात रुतल्यासारखा जिथल्या तिथे राहतो. बाराव्या-तेराव्या वर्षी हसताना तो आखूड दिसायला लागतो. मग त्याचा हिरडीबाहेरचा भाग कापून टाकायचा, जबड्याचं हाड टिकावं म्हणून मूळ तसंच आत ठेवायचं, आणि तात्पुरता दात लावून वाट बघायची. कशाची? वाढ थांबण्याची. कारण इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, हाही हाडात पक्का बसतो आणि तोही वाढीबरोबर सरकत नाही. म्हणून विशी जवळ येईपर्यंत, कधी त्याहूनही नंतर, तो बसवता येत नाही. बसवल्यावरही जन्माची हमी कुणी देत नाही. ऐन शाळा-कॉलेजच्या वयात, जेव्हा आरशासमोर सर्वात जास्त वेळ जातो, तेव्हाची ही दहा वर्षं. आणि हे सगळं एका कोपराच्या फटक्याचं. ‘क्वचित होतं’ हे उत्तर इथे पुरतं का?

‘दात पडला तर परत बसवता येतो’ असंही कुणी म्हणतं, आणि ते अगदीच खोटं नाही. पण कसा बसवता येतो ते नीट सांगणारा प्रशिक्षक मैदानावर किती वेळा असतो? दात गवतात शोधायचा. सापडला की पांढऱ्या टोकाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा वाहत्या थंड पाण्याखाली काही क्षण हलकेच धुवायचा. घासायचा नाही, कापडाने पुसायचा नाही. मूल शुद्धीवर असेल आणि दात कायमचा असेल तर तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. ते जमणार नसेल तर दात दुधात टाकून दवाखाना गाठायचा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला धोका होतो. पहिल्या काही मिनिटांत केलं तर दात वाचायची आशा चांगली. तासभर कोरडा राहिला तर अस्तराच्या पेशी गेल्यातच जमा. प्रत्यक्षात काय होतं? मूल रडत असतं, तोंडातून रक्त येत असतं, कुणीतरी दात टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून खिशात ठेवतं. जे तात्काळ, अचूक आणि शांत डोक्याने करावं लागतं, ते अशा वेळी होईल या भरवशावर राहायचं, आणि जे आधी सावकाश करता येतं ते टाळायचं, ही तहान लागल्यावर विहीर खणायची तयारी झाली.

पट्टीने फरक पडतो याला आधार काय? २००७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. माउथगार्ड नसताना तोंडाला आणि दातांना इजा होण्याचा धोका १.६ ते १.९ पट असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातले सगळे अभ्यास एका दर्जाचे नव्हते हेही त्याच आढाव्यात आहे. म्हणून मला न्यूझीलंडचं उदाहरण जास्त पटतं, कारण तिथे प्रयोग कागदावर नाही, अख्ख्या देशाच्या रग्बीवर झाला. १९९७ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंना आणि १९९८ पासून देशांतर्गत रग्बीत सगळ्यांनाच माउथगार्ड सक्तीचा झाला. खेळाडूंनी स्वतः सांगितलेला वापर १९९३ मध्ये ६७ टक्के होता, तो २००३ मध्ये ९३ टक्क्यांवर गेला. तिथे अपघातांची भरपाई सरकारी योजनेतून मिळते, त्यामुळे प्रत्येक तुटलेल्या दाताची कुठेतरी नोंद होते. १९९५ ते २००३ या काळात रग्बीतले दातांचे दावे ४३ टक्क्यांनी कमी झाले. ही घट केवळ माउथगार्डमुळेच झाली हे गणिताने सिद्ध करता येत नाही, मान्य. पण पट्टी घालणारे वाढले आणि दात तुटणारे घटले, हे एकाच खेळात, एकाच देशात, हातात हात घालून घडलं. शिवाय ४३ म्हणजे शंभर नव्हे, हेही त्या आकड्यात दिसतं. जाहिरातवाल्यांना तो कमी वाटेल. मला तो विश्वासार्ह वाटतो.

तरीही उरतो तो स्वातंत्र्याचा प्रश्न. फायदा एवढा उघड आहे, तर ज्याला हवा तो घालेल, नियम कशाला? मला हा प्रश्न सगळ्यात रंजक वाटतो, कारण त्याचं उत्तर आइस हॉकीने फार मोठी किंमत देऊन शोधलं आहे. मॉन्ट्रियलचा गोलकीपर जॅक प्लांट सरावात मास्क घालायचा, पण सामन्यात घालायला त्याचा प्रशिक्षक टो ब्लेक तयार नव्हता. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बॅथगेटचा फटका प्लांटच्या तोंडावर बसला. टाके घातल्यावर त्याने सांगितलं, मास्कशिवाय मी परत जाणार नाही. दुसरा गोलकीपर हाताशी नव्हता म्हणून ब्लेकला मान तुकवावी लागली. लोकांनी प्लांटच्या हिमतीवर शंका घेतली; मॉन्ट्रियलने त्या मोसमात लीगचं विजेतेपद, स्टॅनली कप, जिंकलं. विचार करा, जगातला अव्वल गोलकीपर, सरावाला मास्क वापरणारा, चेहऱ्यावर टाके पडेपर्यंत तो सामन्यात घालू शकत नव्हता. मग शाळेच्या संघात नवा आलेला बारा वर्षांचा मुलगा ‘स्वतःच्या इच्छेने’ ठरवणार आहे असं आपण कुठल्या तोंडाने म्हणतो?

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग, ज्यांना पुढे २००५ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९७३ मध्ये नेमकं हॉकीच्या हेल्मेटचं उदाहरण घेऊन हा पेच मांडला. एकटा खेळाडू हेल्मेट घालत नाही, कारण इतर घालत नाहीत. नजर थोडी कमी पडेल, आपण घाबरट दिसू, प्रतिस्पर्ध्याला किंचित फायदा मिळेल. पण सगळ्यांना एकदमच घालावं लागलं तर ना कुणाचा तोटा, ना कुणाची लाज. म्हणून जो स्वतः हेल्मेट घालत नाही तोच सक्तीच्या बाजूने मत देऊ शकतो, आणि त्यात विसंगती नाही. अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगने अखेर १९७९ मध्ये नव्याने येणाऱ्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. जुन्यांना सूट होती. हेल्मेटविना खेळणारा शेवटचा खेळाडू क्रेग मॅकटॅविश १९९७ मध्ये निवृत्त झाला आणि आज हेल्मेट घातलेल्या खेळाडूला कुणी भित्रा म्हणत नाही. नियमाने मर्दानगी काढून घेतली नाही, मर्दानगी सिद्ध करण्याचं ओझं काढून घेतलं. दातांच्या बाबतीत मात्र त्याच खेळाने उलटी परंपरा जपली. १९७० च्या दशकातल्या बॉबी क्लार्कचं बोळकं हसू पराक्रमाची निशाणी म्हणून छापलं गेलं. २०१० मध्ये डंकन कीथचे एका फटक्यात सात दात गेले आणि तो त्याच सामन्यात परत खेळायला उतरला, याचं कौतुक अजून होतं. कीथच्या चिवटपणाला माझाही सलाम आहे. पण तो त्याचा व्यवसाय होता. त्याची गोष्ट शाळकरी मुलांना उदाहरण म्हणून सांगणाऱ्यांनी दातांचं बिलही भरायची तयारी ठेवावी.

श्वास कोंडतो, बोलता येत नाही, मळमळतं, हा आक्षेप मुलांचा स्वतःचा आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण तो बहुतेक वेळा वाईट बसलेल्या पट्टीबद्दलचा आक्षेप असतो. तयार मापाची पट्टी कुणालाच नीट बसत नाही. तोंड उघडलं की पडते, म्हणून मुलाला ती सतत चावून धरावी लागते, आणि दात आवळून पळणाऱ्याला दम लागणारच. दुसरा प्रकार गरम पाण्यात टाकून मऊ करायचा. पट्टी झाऱ्याने बाहेर काढायची, क्षणभर थंड पाण्यात बुडवून वरच्या दातांवर चढवायची, बोटांनी बाहेरून आणि जिभेने आतून दाबायची, गालांनी हवा ओढून घ्यायची. इथे नव्वद टक्के घरांत एकच चूक होत असावी असा माझा कयास आहे: मूल जोरात चावतं. मऊ झालेलं प्लॅस्टिक चावल्या जागी पातळ होतं, आणि जिथे जाडी हवी तिथेच ती जाते. पुढच्या दातांवर साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडी राहिली तर फटका शोषला जातो आणि एका दातावर न येता शेजारच्यांवर विभागला जातो. कागदाएवढी राहिली तर ती नुसती सजावट. हलकेच दात टेकवायचे, चावायचं नाही, हे कुणीतरी समोर उभं राहून सांगायला लागतं. तिसरा प्रकार डेंटिस्टकडून दातांचं माप घेऊन बनवलेला. तो तोंड उघडं ठेवलं तरी जागचा हलत नाही आणि तो घालून वाक्य बोलता येतं. अशा पट्टीने खेळाच्या कामगिरीत मोजण्याजोगी घट झाल्याचं सहसा आढळत नाही. बास्केटबॉलचा स्टीफन करी फ्री थ्रोच्या वेळी आपला माउथगार्ड अर्धा तोंडाबाहेर काढून चघळत उभा असतो, हे सगळ्या जगाने पाहिलं आहे. दातांच्या दृष्टीने ती सवय वाईटच, कारण चघळलेली पट्टी लवकर निकामी होते. पण हा पठ्ठ्या गुदमरतोय असं काही दिसत नाही.

संरक्षण मिळालं की माणूस बेफाम होतो, हा मुद्दा अधिक गंभीर आहे, आणि त्याला खेळाच्याच इतिहासातून आधार आहे. हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये वरच्या पातळीवरच्या पुरुषांचं हेडगार्ड काढून टाकलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते हेडगार्डविना लढले. खोट्या सुरक्षिततेची भावना, बाजूचं न दिसणं, अशी कारणं तेव्हा चर्चेत होती. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. पण याच संघटनेने, याच वेळी, माउथगार्ड मात्र सक्तीचाच ठेवला. लढतीत तो उडून पडला तर रेफरी खेळ थांबवतो, तो धुवून आणायला लावतो आणि परत तोंडात गेल्यावरच पुढे जाऊ देतो. जे लोक संरक्षणाच्या साधनांकडे संशयाने बघून एक साधन काढून टाकायला तयार होते, त्यांनीही याला हात लावला नाही. कारण दिसायला सोपं आहे. हेडगार्ड घातल्यावर डोकं पुढे करावंसं वाटू शकतं. माउथगार्ड घातलाय म्हणून कुणी ओठ पुढे करत नाही.

कुठले खेळ यात यावेत याबद्दल मात्र माझं माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडण आहे. ते ‘अंगाला अंग भिडणारे खेळ’ एवढंच म्हणून थांबतात. रग्बी, अमेरिकन फुटबॉल, मुष्टियुद्ध, तायक्वांदो यांत सक्ती आधीच बहुतेक ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये तर १९६२ पासून. खरी पोकळी आहे ती ‘सभ्य’ समजल्या जाणाऱ्या खेळांत. मैदानी हॉकीचे आंतरराष्ट्रीय नियम गोलकीपर सोडून इतर खेळाडूंना तोंडाचं संरक्षण वापरण्याची शिफारस करून थांबतात; काठी आणि टणक चेंडू असलेल्या खेळात नुसती शिफारस. बास्केटबॉलमध्ये रिबाउंडच्या, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायच्या, गर्दीत कोपरं नेमकी तोंडाच्या पातळीवर असतात. आणि क्रिकेट? श्रीलंकेचा चमिका करुणारत्ने डिसेंबर २०२२ मध्ये लंका प्रीमियर लीगच्या सामन्यात उंच उडालेला झेल घ्यायला मागे धावला, चेंडू तोंडावर आदळला आणि चार दात गेले. झेल त्याने सोडला नाही. आजूबाजूला प्रतिस्पर्धी नव्हता, धक्काबुक्की नव्हती, होता फक्त आकाशातून येणारा चेंडू. प्रत्येक क्षेत्ररक्षकाने पट्टी घालून उभं राहावं असं मी म्हणणार नाही. पण फलंदाजाच्या पुढ्यात उभ्या केलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला हेल्मेट द्यायचं किंवा निदान माउथगार्ड तरी, यात वाद घालण्यासारखं काय आहे?

स्वच्छतेचा आक्षेप खरा आहे आणि त्याचा उपायही सोपा आहे: थंड पाण्याने धुवा, हवा खेळेल अशा डबीत ठेवा, कडा फाटल्या की फेका. खर्चाचा आक्षेप खरा आहे आणि त्याचा उपाय तितका सोपा नाही. मुलांचे दात पडतात, नवे येतात, जबडा वाढतो, कुणाला तारा लावलेल्या असतात. मापाची पट्टी एका मोसमानंतर बसेनाशी होते. म्हणून दरवर्षी डेंटिस्टकडून बनवून घ्या असं फर्मान काढणं म्हणजे गरीब घरच्या मुलांना खेळातून बाहेर काढणं. ते मला मान्य नाही. नियम करणाऱ्यांनीच साहित्याच्या यादीत चेंडू आणि जाळीशेजारी गरम पाण्यात मऊ करायच्या पट्ट्या धराव्यात, आणि मोसमाच्या सुरुवातीला एका दुपारी सगळ्या संघाच्या पट्ट्या जाणकाराच्या देखरेखीखाली बसवून घ्याव्यात. ती मापाच्या पट्टीइतकी चांगली नसते. पण नीट बसवलेली साधी पट्टी ही कपाटात पडलेल्या उंची पट्टीपेक्षा कितीतरी बरी.

सज्ञान खेळाडूंना मी सूट का देतो, असं कुणी विचारेल. शेलिंगचा पेच त्यांनाही लागू होतोच की. होतो. न्यूझीलंडने मोठ्यांनाही सक्ती केली आणि त्याचा फायदाही झाला. पण मोठ्यांकडे मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे: मत. त्यांच्या संघटना आहेत, त्या गुप्त मतदान घेऊ शकतात, आणि माझा अंदाज असा की पुष्कळ ठिकाणी निकाल सक्तीच्या बाजूने लागेल. तो त्यांनी लावावा. बारा वर्षांच्या मुलाला संघटना नाही, मतही नाही. त्याच्या वतीने कुणीतरी ठरवणारच आहे, आणि काहीच न ठरवणं हाही एक निर्णयच असतो.

उरतो तो अंमलबजावणीचा पेच, आणि त्यावर मला अजून पुरतं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. सामन्यात रेफरी असतो. तो बुटाचे खिळे तपासतो तसं तोंड उघडायला सांगून पट्टी तपासू शकतो. पण मुलं सामन्यापेक्षा सराव कितीतरी जास्त करतात आणि तिथे रेफरी नसतो; असतो तो प्रशिक्षक, ज्याला अजून चार गोष्टी बघायच्या असतात आणि जो बहुधा स्वतः माउथगार्डविना खेळून मोठा झालेला असतो. नियम सामन्यापुरता लिहिला तर पट्टी सामन्याच्या दिवशीच बाहेर निघेल, सवय नसल्याने खुपेल आणि मूल ती जिभेने ढकलून बाहेर काढेल. म्हणून नियमात सरावाचा उल्लेख हवाच, आणि सरावात पट्टी नसताना दात गेला तर जबाबदारी मुलाच्या घरच्यांवर न ढकलता सराव घेणाऱ्या संस्थेवर येईल असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. विमा आणि भरपाईची कलमं अंगाशी येऊ लागली की संस्थांची स्मरणशक्ती एकदम सुधारते, असा अनुभव आहे.